सहा तारा आणि पाच स्वर

इ. स. १८७० मध्ये मुंबईकडून निघालेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग जबलपूर येथे एकमेकांस मिळाले. गिटार या वाद्याच्याही आपल्या देशात पुढे अशाच दोन वाटा झाल्या. कलकत्त्यास रुजली ती हवाई बेटांकडील पद्धत. वाद्य मांडीवर आडवे ठेवावयाचे आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवीत स्वर काढावयाचे. मुंबईस गोमंतकीय वादकांनी नृत्यगृहांतून आणि नंतर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांतून छातीशी धरावयाची, बोटांनी तार दाबून वाजवावयाची गिटार लोकांच्या कानी घातली. आज जबलपूरच्या राइट टाउनात किंवा गढ्यात एखाद्या मराठी घरातील मुलगा गिटारचा हट्ट धरतो तेव्हा त्याच्या मनात ही दुसरी असते. तीही विजेवर चालणारी. आणि तीवर त्याला वाजवावयाचे असते 'लीड', म्हणजे साथीच्या कॉर्ड्‌सवरून एकेका स्वराने पुढे जाणारी, गळ्याचे काम करणारी सुरावट.

घरात मग दोन पक्ष पडतात. आजी म्हणते, "आधी पेटीवर भूप बसू दे, मग काय ते तुझं वाजव." नातू म्हणतो, "भूप काय कुणीही वाजवतं, आजी." हा वाद बहुधा वाद्याच्या किमतीपाशी येऊन थांबतो आणि गिटार आलीच, तर तीन-चार महिन्यांत कपाटावर जाऊन बसते.

ती तेथे जाते याचे पहिले कारण अगदी शारीरिक आहे. डाव्या हाताच्या बोटांची टोके दुखतात. त्वचा निबर होण्यास काही आठवडे लागतात आणि तेवढा धीर सर्वांपाशी नसतो. प्रथम साधी लाकडी गिटार शिकावी, मग विजेची, असा एक समज रूढ आहे. तो फारसा खरा नाही. विजेच्या गिटारच्या तारा बारीक असतात. नवशिक्यास सहसा दिल्या जाणाऱ्या संचातील सर्वांत पातळ तार इंचाच्या नऊ सहस्रांशांइतकी असते आणि ती दाबण्यास जोर कमी लागतो. याउलट स्वस्त लाकडी गिटारच्या तारा पडद्यांपासून इतक्या उंच असतात की, हाताचा दोष नसतानाही मुलगा हिरमुसतो. त्यात जबलपूरचे हवामान. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते. मग पावसाळा येतो आणि तेच लाकूड ओलावा धरते. गिटारची मान अशाने किंचित वाकते आणि काल नीट वाजणारी तार आज पडद्यावर खरखरते. मानेच्या आत एक लोखंडी गज बसविलेला असतो. जाणकाराकडून तो वर्षातून एक-दोनदा पिळून घ्यावा आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, म्हणजे पावसाळ्यात त्या गंजत नाहीत.

विजेचा भाग समजण्यास अवघड नाही. तारांखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. यास पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेढ्यांत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो आणि ॲम्प्लिफायर तो मोठा करतो. नायलॉनच्या तारा येथे मुक्या राहतात त्या याच कारणाने. हे यंत्र मात्र भले-बुरे निवडीत नाही. नको असलेल्या तारेला झालेला स्पर्श, बोट उचलताना झालेला खरचटा, सारे काही ते मोठे करून ऐकविते. म्हणून लीडचा निम्मा अभ्यास शेजारच्या तारा तळहाताने गप्प ठेवण्याचा असतो. शिकविणारे हे सहसा उशिरा सांगतात.

दुसरे कारण अधिक खोल आहे. नवशिका आज 'टॅब' पाहून शिकतो. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा आणि रेघेवरचा आकडा म्हणजे पडदा. सोय मोठी आहे. परंतु भातखंड्यांची स्वरलिपी कोणता स्वर घ्यावा ते सांगते. टॅब केवळ बोट कोठे ठेवावे एवढेच सांगते. मुलगा दहा गाण्यांचे तुकडे पाठ करतो आणि अकराव्या गाण्यापाशी पुन्हा आंधळा होतो. पुष्कळ गिटारी कपाटावर जातात त्या या टप्प्यावर.

येथे आजीचा भूप उपयोगी पडतो. जगभर लीड शिकणाऱ्यास प्रथम जो पाच स्वरांचा साचा देतात, त्याचे स्वर सा, कोमल ग, म, प आणि कोमल नि असे आहेत; म्हणजे आपल्या धानी रागाचे. पाचव्या पडद्यापासून आठव्यापर्यंत, प्रत्येक तारेवर दोन, असे हे स्वर मांडलेले असतात. सर्वांत जाड तारेच्या पाचव्या पडद्यावर षड्ज धरला की धानी. बोटांच्या जागा त्याच ठेवून त्या तारेचा आठवा पडदा षड्ज मानला की तेच स्वर भूपाचे होतात. गिटार शिकविणारे मानेवर याच स्वरांचे पाच साचे दाखवितात आणि विद्यार्थी ते पाढ्यांसारखे घोकतात. वस्तुतः ती भूपाची मूर्च्छना आहे. भूपाच्या ऋषभास षड्ज मानल्यास मध्यमादि सारंगाचे स्वर मिळतात, गांधारास मानल्यास मालकंसाचे, पंचमास मानल्यास दुर्गाचे आणि धैवतास मानल्यास पुन्हा धानीचे. स्वर जुळले म्हणजे राग झाला असे नव्हे. चलन वेगळे, न्यास वेगळे. पण ज्याच्या कानात ही पाच नावे आहेत त्याला साचे घोकावे लागत नाहीत. टॅबच्या प्रत्येक आकड्याखाली सरगम लिहिण्याची सवय पहिल्या महिन्यापासून लावली, तर बोट आणि कान एकत्र चालू लागतात.

पडदे ठाम असल्यामुळे स्वर तुटक येतो, हा आक्षेप रास्त आहे. सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्याने गिटारचा गांधार गवयाच्या गांधारापेक्षा थोडा चढाच लागतो. पेटीचाही दोष हाच. त्यासाठी १९४० मध्ये नभोवाणीने तिला दूर केले होते आणि १९७१ मध्ये अटी घालून परत घेतले. ब्रिजभूषण काब्रा यांनी पडद्यांची अडचणच टाळली. गिटार मांडीवर घेऊन कांडीने मींड काढली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत ती ऐकावयास मिळते. छातीशी गिटार धरणाऱ्यास मात्र सतारियाचा मार्ग मोकळा आहे. तार पडद्यावर दाबून आडवी ओढली की ताण वाढतो आणि स्वर वर सरकतो. सतारीवर चार-पाच स्वरांची मींड येते. गिटारवर नवशिक्याने एका पूर्ण स्वराची आशा धरावी आणि त्यासाठी एकटे बोट न वापरता मागची दोन बोटेही तारेला लावावीत.

ही मींड बहुधा अर्ध्यावर राहते आणि वाजविणाऱ्यास ते कळत नाही. म्हणून बारीक तारेकडून मोजून तिसऱ्या तारेच्या नवव्या पडद्यावरचा स्वर आधी वाजवून ऐकावा. धानीच्या साच्यातील तो पंचम. मग सातव्या पडद्यावरच्या मध्यमावरून तार ओढीत तेथपर्यंत जावे. असे पंधरा-वीस वेळा करावे. पंचम लागला की नाही हे शेजारच्या खोलीतून आजी सांगेलच.