कुसुमावती देशपांडे : आपल्या जुन्या प्रांतातील समीक्षक



महिला दिनाला कोणावर बोलायचे, असा विषय मंडळाच्या बैठकीत निघाला होता. सावित्रीबाई झाल्या, बहिणाबाई झाल्या. तेव्हा एक ज्येष्ठ सभासद सहज म्हणाले, "बायांनी कविता लिहिल्या, गोष्टी लिहिल्या, पण साहित्याची पारख पुरुषांनीच केली." आम्ही तेव्हा गप्प बसलो. बैठकीला चार मुलीही आल्या होत्या, त्यांनीही ते ऐकून घेतले. घरी आल्यावर मनाला लागले, म्हणून हा लेख. आम्ही बी.कॉम. होऊन बँकेत आयुष्य काढलेले, साहित्याचे प्राध्यापक नव्हे. तरी हिशेब चुकला तर तो दुरुस्त करावा, एवढे नोकरीने शिकवले आहे.

कुसुमावती देशपांडे यांचा जन्म १० नोव्हेंबर १९०४ रोजी अमरावतीला झाला. माहेरचे आडनाव जयवंत. शिक्षण पुण्याला आणि नागपूरला झाले, आणि पुढे इंग्रजी साहित्याच्या अभ्यासासाठी त्या लंडनला गेल्या. परत आल्यावर नागपूरला महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागल्या. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, हे त्यांचे पती. लग्नाआधी दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे 'कुसुमानिल' या नावाने पुस्तकरूपात आली आहेत. बहुतेक लोक कुसुमावतींना ओळखतात ते या पत्रांमुळे, अनिलांची पत्नी म्हणून. ओळख चुकीची नाही, पण अपुरी आहे.

नव्या पिढीसाठी एक गोष्ट सांगायला हवी. १९५६ पर्यंत अमरावती, नागपूर आणि आपला छिंदवाडा जिल्हा एकाच प्रांतात होते, आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भ तिकडे गेला, सौंसर, पांढुर्णा, रामाकोना मध्य प्रदेशात राहिले. म्हणजे कुसुमावती नागपुरात शिकवत होत्या, लिहीत होत्या, तेव्हा त्या आपल्याच राजधानीत होत्या. त्यांना 'महाराष्ट्रातल्या लेखिका' म्हणून परके करण्याचे कारण नाही.

त्यांनी कथाही लिहिल्या. 'दीपकळी', 'दीपदान', 'मोळी' हे त्यांचे संग्रह. पण मोठे काम समीक्षेतले. त्यांच्या लेखसंग्रहाचे नाव आहे 'पासंग'. आठवडी बाजारात ज्यांनी जुना तराजू पाहिला आहे त्यांना हा शब्द सांगायला नको. दोन पारडी सारखी नसली तर हलक्या बाजूला दगडाचा एखादा तुकडा बांधतात, तो पासंग. आकाराने लहान, पण तो नसेल तर सगळे वजन खोटे ठरते. समीक्षेच्या पुस्तकाला याहून चांगले नाव आम्हाला सुचत नाही.

दुसरे पुस्तक 'मराठी कादंबरी : पहिले शतक'. १८५० ते १९५० या शंभर वर्षांतील मराठी कादंबरीचा हा आढावा. ते शतक डोळ्यांसमोर आणले की या कामाचे मोल कळते. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, विषय विधवांचे हाल. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' एका बाईच्या तोंडून सांगितलेली. दुःख बायांचे, लिहिणारे पुरुष. पुढे १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, तेव्हा बाईच बायांच्या मनातले लिहू लागली होती. पण मालतीबाई बेडेकरांना 'विभावरी शिरूरकर' हे टोपणनाव घ्यावे लागले, आणि पुस्तकावर गदारोळ झाला. त्यानंतर वीस-एक वर्षांतच एक बाई स्वतःच्या नावाने बसून सगळ्या शतकाच्या कादंबरीचे मोजमाप करते. मजकूर लिहिणे वेगळे आणि त्याचा निवाडा करण्याच्या खुर्चीवर बसणे वेगळे. ती खुर्ची कुसुमावतींनी घेतली.

'स्त्रीवादी समीक्षा' हा शब्द मराठीत रुळला तो १९७५ नंतर. कुसुमावतींना तो शिक्का मारण्याची आम्हाला घाई नाही. पण पुढच्या अभ्यासक बायांसाठी वाट त्यांनी पाडली.

१९६१ साली ग्वाल्हेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले आणि त्याच्या अध्यक्षपदी कुसुमावती होत्या. पहिले संमेलन १८७८ चे, पुण्याचे. अध्यक्ष न्यायमूर्ती रानडे. तिथपासून ८३ वर्षांनी पहिली स्त्री अध्यक्ष झाली. अनिल तीन वर्षे आधी मालवणला अध्यक्ष झाले होते. योगायोग असा की त्याच रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांनी लिहिलेल्या आठवणी इंग्रजीत नेल्या त्या कुसुमावतींनीच.

संमेलनाच्या त्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९६१ ला त्या गेल्या. वय अवघे ५७. मराठी साहित्याचा इंग्रजी इतिहास त्यांच्या आणि मं. वि. राजाध्यक्षांच्या नावाने साहित्य अकादमीने १९८८ मध्ये काढला. राजाध्यक्षांच्या पत्नी विजयाबाई याही समीक्षक; २००१ च्या इंदूर संमेलनाच्या त्या अध्यक्ष. आजवर सहा स्त्रिया या पदावर आल्या : कुसुमावती, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. त्यांतल्या दोघींची संमेलने मध्य प्रदेशात झाली, आणि त्या दोघीही समीक्षक. आपल्या राज्याला हा मान आहे, आणि आपल्यालाच त्याची खबर नाही.

आपल्याकडच्या मुली शाळेत हिंदी शिकतात, घरी मराठी बोलतात. बोलणे टिकले आहे, वाचणे सुटत चालले आहे. वाचणे सुटले की पारख करणे तर दूरच राहिले. म्हणून एक विनंती. येत्या १० नोव्हेंबरला मंडळात एक संध्याकाळ ठेवू. प्रत्येक घरातील एका मुलीने एक मराठी गोष्ट वाचून यावी आणि ती आवडली की नाही, का नाही, हे उभे राहून सांगावे. हिंदी शब्द मध्ये आले तरी चालेल. मोठ्यांनी मध्ये बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. ज्यांच्या घरी 'पासंग' किंवा 'कुसुमानिल'ची जुनी प्रत असेल त्यांनी ती त्या दिवशी आणावी, वाचून परत मिळेल.

आणि त्या ज्येष्ठ सभासदांनाही आग्रहाचे निमंत्रण. पुढच्या ओळीत बसावे.