क्युसेक आणि गावचा उंबरा

होटगी म्हटले की रेल्वेचे जंक्शन आठवते. मुंबई–चेन्नई मार्गावरून गदगकडे जाणारा फाटा येथेच फुटतो. मुलूख अवर्षणाचा, येथे पूर कसला, असे कुणासही वाटेल. परंतु होटगीच्या पश्चिमेकडून सीना नदी दक्षिणेस वाहत जाऊन हत्तरसंग कुडल येथे भीमेस मिळते. सप्टेंबर 2025 मध्ये या सीनेला असा पूर आला, की काठच्या अनेक गावांतून माणसे हलवावी लागली. येथील काळी माती भिजून फुगली की तिच्या भेगा बुजतात. मग पाणी मुरत नाही, सरळ नदीची वाट धरते.

अशा वेळी ‘नदीत एक लाख क्युसेक पाणी’ अशी सूचना येते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लाख लिटर! आकडा प्रचंड खरा. पण खालच्या आळीतील आजीबाईंच्या उंबऱ्याला पाणी लागेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. तेवढाच प्रवाह रुंद पात्रात थोडा चढतो, अरुंद पात्रात पुष्कळ. शिवाय भीमाही तुडुंब असेल, तर सीनेचे पाणी संगमापाशी तुंबते. प्रवाह न वाढताही पातळी चढते. यालाच फुगवटा म्हणतात.

याचे उत्तर गावातच असते. आधी ओढा उलटा भरतो, मग मोरी बुडून रस्ता तुटतो, घरात पाणी शिरते त्यानंतर. हा क्रम काठच्या माणसांना पाठ असतो. तो मापात बसवावयाचा. जुन्या पुराच्या खुणा वडीलधाऱ्यांकडून विचारून घ्याव्यात. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने त्यांची पातळी एका पक्क्या खांबावर आणावी व रंगाने रेघा माराव्यात. (नदीच्या पाण्यालाही उतार असतो, म्हणून खुणा जवळपासच्याच घ्याव्यात.) सीनेवर वडकबाळ येथे केंद्रीय जल आयोगाचे मापनकेंद्र आहे. तेथील पातळी, आपल्या खांबावरील पातळी आणि दोहोंची वेळ वहीत लिहीत गेले, की लहानसहान पुरांतूनही गावाचे स्वतःचे कोष्टक तयार होते. शाळेला हे सहज जमेल.

आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा 2005 सालचा. पण गावच्या समितीत उंचावरच्या वाड्यांतलीच माणसे असली, तर खांबावरच्या रेघाही त्यांच्याच सोयीच्या पडतात. रस्ता तुटण्याआधी दावणीची जनावरे कोणत्या रेघेला सोडावयाची, हे नदीकाठी गोठा असलेल्यानेच सांगावे.