कुत्रा दुसऱ्याचा होत नाही, हे कुणी ठरवलं?

नाशिकमध्ये कुत्रा दत्तक देण्याघेण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "एकदा एक मालक झाला की कुत्रा दुसऱ्याचा होत नाही." गंगापूर रोडच्या बंगल्यात हे ऐकू येतं, तसंच सिडकोतल्या दोन खोल्यांतही. म्हणणाऱ्याचा सूर कौतुकाचा असतो, म्हणून कुणी वाद घालत नाही. पण हे कौतुक कुत्र्यालाच महागात पडतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला लगेच घर मिळतं, चार वर्षांचा, लसी झालेला, घरात घाण न करणारा, बस म्हटलं की बसणारा कुत्रा मात्र कुणाला नको असतो, कारण "तो आता आपला काय होणार!" आणि बदली होऊन पुण्याला किंवा थेट कॅनडाला निघालेलं कुटुंब याच वाक्याचा आधार घेऊन म्हणतं, "तो दुसऱ्या कुणाकडे राहणारच नाही, मग घर शोधून उपयोग काय?" मग त्याला ओळखीच्या कुणाच्या मळ्यावर नेऊन सोडतात. एकाच समजुतीतून निघणारे हे दोन्ही निष्कर्ष कुत्र्याच्या मुळावर येतात. म्हणून ती एकदा नीट तपासायला हवी.

महाराष्ट्रात या समजुतीचं दैवत म्हणजे रायगडावरचा वाघ्या. शिवाजी महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली, ही कथा आपल्याकडे पोर शाळेत जायच्या आधी ऐकतं. महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८० रोजी झालं. समाधीसमोरचा वाघ्याचा पुतळा आहे १९३६ सालचा, म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षांनंतरचा. ज्यांच्या घराण्याचा रंगमहाल आपल्या चांदवडला आहे, त्या होळकरांपैकी तुकोजीरावांनी त्यासाठी देणगी दिली. महाराजांच्या पदरी राहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत अखेरच्या दिवसांचं वर्णन आहे, कुत्रा नाही. अनेक अभ्यासक ही कथा राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' या अपूर्ण राहिलेल्या नाटकाशी जोडतात, आणि गडकरी वारले १९१९ मध्ये. ऑगस्ट २०१२ मध्ये पुतळा काढला गेला आणि काही दिवसांत पुन्हा बसवला गेला. मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी तो हटवण्याची मागणी मुख्यमंत्र्यांकडे केली आणि वाद नव्याने पेटला. पुतळा ठेवावा की काढावा, हा या लेखाचा प्रश्न नाही. मुद्दा इतकाच की कुत्र्याचा स्वभाव कसा असतो याचा पुरावा म्हणून ही कथा पुढे करता येणार नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याने भुंकून वाघाची चाहूल दिली आणि महाराजांचा जीव वाचला, असं सांगतात. ती आख्यायिका धरली तरी निदान कुत्रा खरोखर जे करतो तेच तिच्यात आहे. धोका दिसला की कुत्रा भुंकतो. पेटत्या आगीपासून मात्र तो मागे सरतो.

कुणी महाभारताचा दाखला देतात: धर्मराजाच्या मागे कुत्रा थेट स्वर्गाच्या दारापर्यंत गेला. महाप्रस्थानिक पर्वातली ती गोष्ट पुन्हा वाचावी. तिथे परीक्षा कुत्र्याची नाहीच, युधिष्ठिराची आहे. बरोबर आलेल्याला टाकून आपण इंद्राच्या रथात चढणार नाही, असं माणूस म्हणतो. आपण नेमका उलटा अर्थ घेऊन बसलो आहोत.

मग लोक हाचिकोकडे वळतात, आणि तो खराच होऊन गेला. तोक्यो विद्यापीठातले शेतकी विषयाचे प्राध्यापक उएनो २१ मे १९२५ रोजी कामावर असतानाच वारले, आणि त्यांचा अकिता जातीचा कुत्रा पुढे जवळजवळ दहा वर्षं शिबुया स्टेशनवर येत राहिला. त्याच्यावरचा चित्रपट इथे संपतो, पण पुढचा तपशील कामाचा आहे. हाचिकोने ती वर्षं उपाशी काढली नाहीत. प्राध्यापकांच्या घरी पूर्वी बागकाम करणाऱ्या कोबायाशींनी त्याला सांभाळलं, आणि वर्तमानपत्रात बातमी आल्यावर स्टेशनवरच्या लोकांनीही खाऊपिऊ घातलं. ८ मार्च १९३५ ला तो गेला, तेव्हा त्याच्या पोटात मांस भाजायच्या चार बांबूच्या काड्या सापडल्या. जपून ठेवलेले अवयव २०११ मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा कर्करोग आणि हृदयातले जंत दिसले. म्हणजे तो जुन्या माणसाची वाट पाहत होता हे खरं, त्याच वेळी नव्या माणसांच्या हातचं खात होता हेही खरं, आणि मेला तो आजाराने. एडिंबराच्या बॉबी या कुत्र्याची कथा तर आणखी पातळ निघते. मालकाच्या कबरीवर तो १८५८ ते १८७२ अशी चौदा वर्षं बसून राहिला म्हणतात. यान बोंडेसन या अभ्यासकाने २०११ च्या पुस्तकात जुन्या नोंदी आणि चित्रं ताडून दाखवलं की ते बहुधा एकामागोमाग एक असे दोन कुत्रे होते; बॉबी बघायला येणाऱ्यांमुळे आसपासच्या दुकानांचा धंदा चालत होता.

कथा बाजूला ठेवून हा प्रश्न कुत्र्यांनाच विचारला गेला आहे. बुडापेस्टच्या ऑत्व्होश लोरांड विद्यापीठातल्या मार्ता गाची आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये निवाऱ्यात पडून असलेले प्रौढ कुत्रे घेतले. एका अनोळखी व्यक्तीने त्यातल्या काहींबरोबर फक्त तीन वेळा, प्रत्येकी दहा मिनिटं घालवली. मग लहान मुलाचं आईशी असलेलं नातं जोखायला वापरतात तीच चाचणी लावली: नव्या खोलीत ती व्यक्ती आत-बाहेर करते, परकं माणूस येतं, आणि कुत्रा कुणाजवळ जातो, दाराशी कुणासाठी थांबतो ते पाहतात. अर्ध्या तासाच्या ओळखीवर हे कुत्रे त्या व्यक्तीशी मालक असल्यासारखे वागू लागले. ज्यांना तो सहवास मिळाला नव्हता, ते तसे वागले नाहीत. अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांचा तर सगळा कारभारच यावर उभा आहे. पहिलं वर्षभर एक कुटुंब पिल्लू वाढवतं, मग ते प्रशिक्षकाकडे जातं, आणि शेवटी तिसऱ्याच माणसाला रस्ता ओलांडून देतं. कुत्रा दुसऱ्याचा होत नसता, तर ही व्यवस्था एक दिवस टिकली नसती. आपल्याकडे पोलिसांच्या श्वान पथकातही एका श्वानाला सहसा एकाहून अधिक हस्तक असतात, कारण हस्तकाला रजा असते, बदली असते, निवृत्ती असते. नाशिक शहर पोलिसांच्या बॉम्ब शोधक व नाशक पथकातला स्पाइक अकरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाला, तेव्हा हार घालून, सजवलेल्या गाडीवर बसवून त्याला निरोप दिला गेला. त्या निरोपाचं ज्यांनी कौतुक केलं, त्यांनी श्वान पथकाची ही रीतही लक्षात घ्यावी.

"म्हणजे कुत्रा जुन्या मालकाला विसरतो, असंच ना?" नाही. इथेच सगळा घोटाळा आहे. आठवण राहणं आणि नवीन नातं न जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकात कालवल्या आहेत. डार्विनचा कुत्रा परक्यांवर गुरगुरणारा होता. बीगल जहाजावरून पाच वर्षं दोन दिवसांनी परतल्यावर डार्विनने मुद्दाम त्याची परीक्षा घेतली. हाक मारताच तो अर्ध्या तासापूर्वी ताटातूट झाल्यासारखा मागे चालू लागला. डार्विनने हे १८७१ च्या पुस्तकात नोंदवलं आहे. आता त्या पाच वर्षांचं काय ते पाहा. कुत्रा घरच्या इतर माणसांत राहिला, जेवला, फिरला, म्हातारा झाला. दोन्ही गोष्टी एकाच कुत्र्यात सुखाने नांदल्या. लेक सासरी रमली म्हणून माहेर विसरली असं आपण म्हणत नाही. कुत्र्याच्या बाबतीतच हा हट्ट का?

यावर ठेवणीतला आक्षेप येतो: "आमच्या शेजारचे आजोबा गेले आणि कुत्र्याने अन्न सोडलं, महिन्याभरात गेला." कुत्र्याला वियोग जाणवतो यात वाद नाही. तो दाराशी बसतो, कण्हतो, कमी खातो. पण त्या महिन्यात घरात काय काय होतं ते जवळून पाहा. सकाळी सहाला फिरायला नेणारा माणूस नाही. दुपारी ताटातली पोळी दुधात कुस्करून देणारा हात नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून कुत्रा गच्चीवर बांधलेला. रामकुंडावरचा दशक्रिया विधी होतो, तेरावा होतो, आणि तोवर त्याच्या पाण्याच्या भांड्याकडे बघायला कुणाला सवड नसते. गोचीड काढायचं काम आजोबांचं होतं, ते कुणी उचललेलंच नसतं. आपल्या भागात गोचीड ताप हा कुत्र्यांचा अगदी नेहमीचा आजार, आणि त्याची लक्षणं बघा: खाणं सुटतं, कुत्रा कोपऱ्यात पडून राहतो, वजन उतरतं, डोळे मलूल होतात. दुःखी कुत्र्याचं चित्र काढायला सांगितलं तर आपण हेच काढू! वरचा ओठ उचलून हिरडी पाहावी. गुलाबीऐवजी पांढुरकी दिसली तर रक्त कमी झालं आहे. पशुवैद्यकाने रक्त तपासलं, डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू केलं, तर असे बरेच कुत्रे बरे होतात. म्हाताऱ्या कुत्र्यात हेच मूत्रपिंडाच्या आजाराने होतं, आणि म्हाताऱ्या माणसाचा कुत्रा पुष्कळदा म्हाताराच असतो. मोठ्या कुत्र्याने दिवसभर तोंडात काही घेतलं नाही तर त्याला दवाखान्यात न्यायचं असतं. "मालकामागे चालला बिचारा" म्हणत हात जोडून बसणं हे भक्तीचं सोंग घेतलेलं दुर्लक्ष आहे, आणि त्याचा मला खरोखर राग येतो.

दुसऱ्या टोकाचे लोकही असतात. त्यांना हे सगळं ऐकून आनंद होतो: "बघा, म्हणजे भाकरी टाकेल त्याचा कुत्रा." तेही खोटं आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी आपल्याच रस्त्यांवरच्या भटक्या कुत्र्यांवर प्रयोग केले. अनोळखी माणसाने काहींना वारंवार खायला दिलं, काहींच्या डोक्यावरून हात फिरवला. २०१७ च्या निष्कर्षानुसार विश्वास जास्त कमावला तो हात फिरवणाऱ्यांनी. अमेरिकेत ग्रेगरी बर्न्सच्या गटाने जाग्या कुत्र्यांच्या मेंदूचं एमआरआय स्कॅन केलं, तेव्हा पंधरापैकी तेरा कुत्र्यांत मालकाच्या कौतुकाला मिळालेला प्रतिसाद खाऊइतकाच किंवा त्याहून जास्त होता. ॲरिझोनात २०२० मध्ये साठ कुत्र्यांचे मालक खोक्यात अडकल्याचं नाटक करून ओरडले. वीस कुत्र्यांनी खोकं उघडलं. खोक्यात खाऊ ठेवल्यावर ते उघडणारे एकोणीसच होते. कुत्र्याला माणूस हवा असतो, अगदी मनापासून हवा असतो. फक्त आयुष्यभर एकच माणूस हवा, ही अट त्याची नाही. ती आपण घातली, कारण आपल्यावाचून कुणी जगूच शकत नाही हे ऐकायला गोड लागतं.

याच कुळातल्या बाकीच्या समजुतींवर फार शाई घालवायला नको. "गावठी कुत्र्यापेक्षा लॅब जास्त इमानी": २०२२ मध्ये अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासात वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीमुळे निघाला. "मालक संकटात पडला की कुत्रा मदत आणतो": कॅनडात मालकांनी हृदयविकाराचा झटका आल्याचं सोंग केलं, एकाही कुत्र्याने शेजारी बसलेल्या माणसाला जाऊन सांगितलं नाही. "चूक केली की त्याला बरोबर कळतं, तोंडावर दिसतं": अलेक्झांड्रा होरोविट्झने २००९ मध्ये दाखवलं की ते तोंड रागावण्यामुळे होतं, चूक न केलेल्या कुत्र्याला रागावलं तरी तेच तोंड. "शेपटी हलते म्हणजे खूश": चावण्याआधीही हलते, पोस्टमनला विचारा.

मोठा कुत्रा घरी आणायचा तर जुन्या घरातली न धुतलेली चादर बरोबर आणावी, खाण्याफिरण्याच्या वेळा निदान महिनाभर जुन्याच ठेवाव्यात, आणि तेवढा काळ पट्टा सोडू नये, कारण सुरुवातीला तो जुनं घर शोधायला पळू शकतो. या पळण्यालाच लोक "बघा, दुसऱ्याचा झाला नाही" म्हणतात आणि आठव्या दिवशी परत आणून देतात. ज्यांना कुत्रा द्यायचा आहे त्यांनी घर शोधावं, कारण ते सापडलं तर कुत्रा तिथे राहील. मळ्यावर किंवा घाटात सोडून येण्याला प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात नाव आहे. भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा कलम ११ खाली गुन्हा ठरतो. पहिल्या वेळची शिक्षा किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंड. कित्येक दशकं हा आकडा बदललेला नाही, आणि आज त्या पन्नास रुपयांत कुत्र्याच्या गळ्यातला धड पट्टासुद्धा येत नाही.