निद्रेतील श्वासरोध आणि घरचे यंत्र

पेडणे महालातील जत्रांत दशावतारी नाटक रात्री उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. मध्यरात्री उठून गेलेल्या प्रेक्षकाला आख्यान समजले, असे कोणी म्हणणार नाही. निद्रेतील श्वासरोधावर घरी होणाऱ्या उपचाराचीही हीच गोष्ट आहे.

घोरणे ही गाढ झोपेची खूण, ही समजूत जुनी आहे. परंतु घोरता घोरता श्वास दहा किंवा अधिक सेकंद थांबतो आणि मग माणूस दचकून हवा ओढतो, तेव्हा तो विकार असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदूला अर्धवट जाग येते. रात्रभर हे चालल्यावर दिवसा पेंग येते, वाहन हाकणे धोक्याचे होते आणि रक्तदाब वाढण्याचा संभव असतो.

१९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी यावर एक उपाय प्रसिद्ध केला. तोच आजचा ‘सीपॅप’. हे यंत्र प्राणवायू पुरवीत नाही. खोलीतीलच हवा बेताच्या दाबाने नाकात सोडून घसा उघडा ठेवते. दाब किती असावा हे निद्रातपासणीनंतर वैद्यानेच ठरवावयाचे असते.

मास्क उतरला की उपचार थांबला. पुष्कळ रुग्ण तो रात्री दोन-तीनला काढून ठेवतात. पण स्वप्नांची निद्रा उत्तररात्री अधिक असते. त्या वेळी स्नायू सर्वांत शिथिल आणि श्वासरोध अधिक दीर्घ असतात. भारतासह सात देशांत झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्राचा वापर सरासरी ३.३ तासच झाला. दिवसाची पेंग कमी झाली. हृदयविकार व पक्षाघात मात्र घटले नाहीत. अपुरा वापर हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

मास्क काढावासा वाटण्याची कारणे बहुधा लहान असतात. हवा गळत असेल, तर आडवे होऊन, यंत्र चालू असताना पट्टे जुळवावेत. फार आवळू नयेत. मास्कची उशी रोज सौम्य साबणाने धुवावी. घसा कोरडा पडत असल्यास यंत्रास आर्द्रता देणारे पात्र जोडावे. त्यात विहिरीचे पाणी नको. उकळल्यानेही त्यातील क्षार जात नाहीत. ऊर्ध्वपातित पाणी वापरून ते रोज बदलावे. नळीत पाणी साचत असल्यास यंत्र अंथरुणाच्या पातळीखाली ठेवावे. कोकणच्या दमट हवेत पात्र व नळी नीट वाळवणे आणि गाळणी वेळेवर बदलणे अगत्याचे आहे. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून बॅटरीची सोय असावी. रात्री हुर्राक किंवा फेणी घेतल्यास घसा अधिकच सैल पडतो, ती टाळावी.

सवय होईपर्यंत दिवसा वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास मास्क लावून बसावे. यंत्र वापराचे तास व उरलेले श्वासरोध यांची नोंद ठेवते. ताशी पाचांहून अधिक श्वासरोध उरत असतील, तर दाब स्वतः न बदलता ती नोंद वैद्याला दाखवावी.