गर्भिणीचा शिरःशूल : शंखप्रदेशीच्या वेदनेकडे पाहताना

भोसरी, महाळुंगे, खराबवाडी या परिसरात चिकित्सा करणाऱ्या वैद्यबंधुभगिनींना ‘कानशिले ठणकतात’ ही गर्भिणीची तक्रार नवी नाही. पाळीचे काम, अपुरी झोप, पुणे-नाशिक रस्त्यावरील कोंडीत टळलेली न्याहारी आणि स्वच्छतागृहाच्या गैरसोयीमुळे हेतुपुरस्सर कमी प्यालेले पाणी. वातप्रकोपास याहून अधिक निमित्त ते कोणते? अशा बहुतेकींना विश्रांती, वेळेवर लघु-स्निग्ध आहार व चंदनाचा लेप यांनी उपशय मिळतो. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा.

जुना अर्धावभेदक असलेल्या स्त्रीस चौथ्या महिन्यानंतर बहुधा आराम पडत जातो. म्हणूनच पाचवा महिना उलटल्यावर प्रथमच उद्भवलेला शिरःशूल संशयास्पद मानावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. चरकसंहितेत शंखक हा तीन रात्रींत प्राणहरण करणारा व्याधी म्हणून वर्णिला आहे. गर्भिणीचा उच्च रक्तदाब म्हणजेच शंखक, असा आमचा दावा नाही. परंतु शंखप्रदेशीची वेदना सामान्य समजू नये, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

तेव्हा नाडीपरीक्षेसोबत रक्तदाब मोजलाच पाहिजे. रुग्णेस पाच मिनिटे स्वस्थ बसवून, उघड्या दंडावर. तो 140/90 वा त्याहून अधिक आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. 160/110 असेल, अथवा डोळ्यांपुढे अंधारी, उजव्या बरगडीखाली वेदना, चेहऱ्यावर शोथ असेल, तर क्षणाचाही विलंब नको; आकडी येऊन माता व गर्भ दोघेही दगावू शकतात. मूत्रात प्रथिन नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

औषधी दुकानदारांनाही विनंती. शिरःशूलादिवज्र रसासारखे पारदयुक्त कल्प गर्भिणीस परस्पर देऊ नयेत. नस्य तर शास्त्रानेच गर्भिणीस निषिद्ध मानले आहे. यष्टीमधु सौम्य खरे, पण अधिक मात्रेत ते रक्तदाब वाढविते. आयबुप्रोफेनची गोळी पाचव्या महिन्यानंतर गर्भाच्या वृक्कांस अपायकारक ठरू शकते.

पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय व चाकणचे ग्रामीण रुग्णालय हाताशी आहेत. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिकाही उपलब्ध आहे. 2016 पासून प्रत्येक महिन्याच्या 9 तारखेस शासकीय आरोग्यसंस्थांत गर्भिणींची विनामूल्य तपासणी होते, ही माहिती दुकानाच्या दर्शनी भागी लावता येईल.

प्रसूतीनंतरही सहा आठवडे हीच दक्षता हवी. सूतिकेचे डोके दुखू लागले की ‘वारा लागला’ म्हणून फडके घट्ट बांधले जाते. फडके बांधण्यास हरकत नाही, मात्र आधी रक्तदाब पाहावा.