दीड मिनिटाचं विमान!

विमानात बसलात, पट्टा बांधला, चाकं जमिनीवरून उठली आणि तुम्ही आकडे मोजायला लागलात. एक, दोन, तीन… शंभर होतात न होतात तोच विमान उतरलंसुद्धा! थाप वाटते ना? पण असं विमान खरोखर आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून ते ये-जा करतं. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालणारा जगातला सर्वांत छोटा विमानप्रवास तो हाच.

अंतर किती? अवघं २.७ किलोमीटर. आपल्या मुंबई विमानतळाची मोठी धावपट्टीसुद्धा याहून लांब आहे!

विमानही चिमुकलंच. दोन पंखे आणि आठ प्रवासी. त्यातल्या एका नशीबवानाला चक्क वैमानिकाशेजारी बसायला मिळतं. पापा वेस्ट्रेवर शंभर माणसंही राहत नाहीत. पण डॉक्टर, शिक्षक, रुग्ण यांना ये-जा तर करावीच लागते. शिवाय तिथलं ५,००० वर्षांहून जुनं दगडी घर बघायला पाहुणे येतात. समुद्र खवळलेला असला, तरी विमान भुर्रकन पलीकडे पोचवतं.

वेळापत्रकात या प्रवासाला २ मिनिटं दिलेली असतात. वारा साथीला असेल तर त्याहून कमी. विक्रम आहे ५३ सेकंदांचा! म्हणजे वेग झाला ताशी सुमारे १८३ किलोमीटर.

आता दुसरं गणित. लंडनचा हीथ्रो विमानतळ आणि पॅरिसचा शार्ल द गॉल विमानतळ यांच्यात सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर अंतर आहे. मोठं जेट विमान उंचावर ताशी ८५० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार करा. उत्तर आलं २५ मिनिटं. पण वेळापत्रक सांगतं, सव्वा तास! मग उरलेली ५० मिनिटं गेली कुठे?

वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि दुसरीकडे जागेवर उभं राहिलं की संपतो. हीथ्रोसारख्या गजबजलेल्या ठिकाणी विमानांचीही रांग लागते. त्यामुळे बरीच मिनिटं जमिनीवर हळूहळू सरकण्यातच जातात. उडाल्यावरही लगेच पूर्ण वेग घेता येत नाही. १०,००० फुटांच्या खाली जेट विमानांना साधारणपणे ताशी ४६० किलोमीटरची वेगमर्यादा असते. जरा वर जाऊन वेग घ्यावा, तोच उतरायची तयारी! शिवाय वाट सरळ नसते. धावपट्टीसमोर नीट येण्यासाठी वळसे घ्यावे लागतात. पापा वेस्ट्रेच्या विमानाला ना रांग, ना उंच चढाई.

घड्याळाची गंमत तर राहिलीच! पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं. त्यामुळे पॅरिसहून सकाळी १० वाजता निघालेलं विमान लंडनला तिथल्या घड्याळानुसार सव्वादहालाच पोचतं, आणि लंडनहून १० ला निघालेलं पॅरिसला सव्वाबारा वाजता!

आता तुमची पाळी. नकाशातली कुठलीही दोन शहरं निवडा, अंतराला ८५० ने भागा आणि उत्तर विमानाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. एक जोडी जवळची घ्या, एक लांबची. कुठल्या प्रवासात जास्त वेळ ‘वाया’ जातो, ते तुम्हीच शोधून काढा!