कृत्रिम गुडघ्यातला भार नेमका कुठे जातो?

मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिने मला धरलं, "तू मेकॅनिकल इंजिनिअर ना? मग सांग, आत काय बसवतात?"

वर मांडीच्या हाडावर बहुतेकदा कोबाल्ट-क्रोमचं गोलसर टोपण, खाली नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मधे पॉलिइथिलीनची चकती. खरी गंमत या चकतीत आहे.

साधं चालतानाही गुडघ्यावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. माणूस ७० किलोचा, तर भार १४० ते २१० किलो. जिन्यावर आणखी.

चकती सपाट असेल तर गोल धातू तिला जेमतेम टेकतो. टाचेची चप्पल ओल्या मातीत रुतते ना, तसं. प्लास्टिक झिजतं, त्याचे बारीक कण सुटतात आणि त्यांच्यामुळे शेजारचं हाड पोखरलं जातं.

मग चकती खोलगट करा की! केली. ताण कमी झाला. पण गुडघा नुसता वाकत नाही, थोडा फिरतोही. खोलगट चकती ते फिरणं अडवते आणि तो जोर बैठक व हाडाच्या जोडावर जातो.

म्हणून १९७०च्या दशकात अमेरिकेत ब्यूकेल आणि पापास यांनी स्वतः फिरणारी चकती आणली. कागदावर सुरेख! रुग्णांच्या निकालांत मात्र फारसा फरक दिसलेला नाही.

सांधा वाकडा बसला तर कुठलंही डिझाइन एका कडेवर झिजतं. त्यामुळे ब्रँडपेक्षा सर्जनचा हात कशावर बसलाय, ते विचारा.

शंका असतील तर कमेंटमध्ये टाका. औषधपाण्याचं मात्र डॉक्टरांनाच विचारा!